मेंढीच्या खांद्यावरचा दुसरा पट्टा

"डोंगराचं चित्र डोंगराच्याच मातीनं काढायचं. आणि तेही डोंगरावर चालणाऱ्यांच्या अंगावर!" क्रिस्पिन म्हणाला, आणि ब्रायोनी बर्केटने चहात दूध ओतता ओतता होकार देऊन टाकला. तिचे वडील असते तर त्यांनी या लंडनच्या चित्रकाराला कुत्रा सोबत देऊन फाटकापर्यंत पोचवलं असतं. पण वडील मार्चमध्ये गेले होते, आणि तेव्हापासून त्या घरात कुणी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

कल्पना साधी होती. उत्तर इंग्लंडातल्या कंब्रियाच्या त्या डोंगरातला गेरू खलायचा, बर्केटांच्या प्रत्येक मेंढीच्या खांद्यावर एक पट्टा ओढायचा आणि कळप चरत हिंडला की वरून छायाचित्रं घ्यायची. हिरव्यावर लाल रेघ, रोज वेगळी. काम संपेपर्यंत क्रिस्पिन स्वतःच डोक्यापासून बुटांपर्यंत लाल झाला. मेंढ्यांना त्या मानाने कमीच गेरू लागला.

घोळ कळला तो शरदात. वर एकत्र गोळा केलेल्या मेंढ्या खाली आणून ज्याच्या त्याला वाटून द्यायचा तो दिवस. बर्केटांची खूण म्हणजे कमरेवर गेरूचा एक पट्टा. शेजारच्या विल्फ जॉप्सनचीही गेरूचीच, पण एक कमरेवर आणि एक खांद्यावर.

दगडी कुंपणात कोंडलेल्या झाडून सगळ्या मेंढ्यांवर दोन-दोन पट्टे होते.

"यंदा देवानं छप्पर फाडून दिलं म्हणायचं," विल्फ कुंपणावर रेलून म्हणाला.

"विल्फ, थट्टा पुरे. निम्म्या माझ्या आहेत."

"असतील की! दाखव कुठल्या त्या."

"कानातले बिल्ले बघा ना."

"अर्धे झुडपांनी खाल्लेत, पोरी. आणि बिल्ल्याचं काय, कुणीही काढावा, कुणीही लावावा. खूण ती खूण. तुझ्या बापाचंच वाक्य आहे."

वाक्य वडिलांचंच होतं. घर भाड्याचं, जमीन भाड्याची. त्यांचं म्हणावं असं मागे उरलं होतं ते हा कळप, आणि तो आता विल्फच्या नावाने रवंथ करत उभा होता.

"धुऊन टाकू का?" क्रिस्पिन बादली घेऊन आला. गेरू निघाला नाही. मेंढी तेवढी गुलाबी झाली.

"आता ही कुणाचीच नाही," विल्फने निकाल दिला.

क्रिस्पिन ओशाळून खाली बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "एक विचारू? वर तर कुंपण नाही. मग तुमच्या मेंढ्या तुमच्या उतारावर आणि विल्फच्या त्याच्या उतारावर राहतात कशा?"

"कोकरू असताना आईमागून हिंडून शिकतात. आपला उतार, आपलं पाणी. मग जन्मभर तिथेच..." ब्रायोनी बोलता बोलता थांबली. मग तिने जाऊन फाटक उघडलं.

"अगं ए! सकाळपासून पाय मोडले आमचे!" विल्फ ओरडला.

मेंढ्या गर्दीने वर निघाल्या. ओढ्यापाशी घोळका क्षणभर अडला. कुत्रा नाही, शीळ नाही. तरी अर्ध्या डावीकडे वळल्या, बर्केटांच्या उतारावर, आणि अर्ध्या उजवीकडे. डोंगरावर दोन लाल रेघा हळूहळू उमटल्या. क्रिस्पिन कॅमेरा गळ्यात अडकवून नुसता बघत राहिला.

"ए, ए! ती लंगडी तिकडे कुठे निघाली?" विल्फ अचानक कुंपणावर चढला. "माझी आहे ती! तीन वर्षं माझ्याकडे आहे! आणि ती काळ्या तोंडाची, तीसुद्धा! वळवा तिला कुणीतरी!"

दोघी डावा उतार चढतच राहिल्या. मागे वळूनही पाहिलं नाही.

ब्रायोनीने त्या दिसेनाशा होईपर्यंत वाट पाहिली.

"बाबा दर शरदात म्हणायचे," ती म्हणाली, "वय झालं, हल्ली माझी मोजणी चुकते, एखाददुसरी कमीच भरते."

विल्फने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा डोक्यावर घातली.

"हे चित्रकार लोक," तो म्हणाला, "जनावरांचीसुद्धा डोकी फिरवतात."