अर्ध्या काकडीचा पुरावा

नकाशाकाराचं वजन एकशे चार किलो भरलं, तेव्हा डॉक्टरांनी काट्याकडे न बघता त्याच्याकडे बघितलं.

"वडील कितव्या वर्षी गेले?"

"बावन्नाव्या."

"तुमचं वय?"

"एकोणपन्नास."

डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंच्या नावाची चिठ्ठी तेवढी लिहून दिली. बाईंनी वही ठेवायला सांगितली. दिवसभरात जे जे तोंडात जाईल ते ते वेळेसकट लिहायचं, काही म्हणता काही लपवायचं नाही.

नकाशाकार भूमापन कार्यालयात पंचवीस वर्षं नकाशे काढत होता. वही आखणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ. त्याने चार रकाने पाडले आणि पहिला आठवडा अगदी इमानेइतबारे भरला. बाईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून तो खोटं लिहू लागला. "सकाळी: बिनसाखरेचा चहा, अर्धा कप. दुपारी: अर्धी काकडी. संध्याकाळी: काही नाही. रात्री: सूप, चार चमचे." त्याच्या त्या रेखीव अक्षरात हे सगळं इतकं खरं वाटायचं, की वाचून त्याच्याच पोटात खड्डा पडायचा. मग तो उठून बिस्किटांचा पुडा फोडायचा.

तीन महिन्यांनी वजन एकशे सहा झालं. अर्ध्या काकडीवर जगणारा माणूस दोन किलोंनी वाढतो म्हटल्यावर बाईंचा चेहरा उतरला. रक्त तपासून झालं, थायरॉईड झालं, पोटाची सोनोग्राफी झाली. सगळं चोख.

"काहीतरी खोलवरचं दिसतंय," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

घरी आल्यावर बायको बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. ती इस्पितळात परिचारिका होती. खोलवरची दुखणी तिने जवळून पाहिली होती. निदान तेव्हा तरी सांगून टाकायला हवं होतं. त्याने तोंड उघडलं आणि मग तेच ओंजळीत लपवलं. बायकोला वाटलं, त्याला रडू येतंय.

मुलाला काहीतरी खोलवरचं झालंय हे कळताच त्याची आई चार दिवस राहायला आली. दुसऱ्याच दिवशी टेबल पुसताना तिच्या हाती वही लागली. बायको ड्यूटीवर होती, नकाशाकार कचेरीत. आई खुर्चीवर बसली आणि पहिल्या आठवड्याची पानं तेलकट बोटांनी चिकटली होती ती सोडून बाकी सगळी वाचून काढली. मग तिने थोरल्या मुलाला फोन लावला.

थोरला रविवारी दुपारी हजर झाला. तो एका वकिलाकडे कारकून होता. त्याने वही उलटसुलट तपासली.

"वार आहे, वेळ आहे, हस्ताक्षर आहे," तो म्हणाला. "असा लेखी पुरावा आमच्याकडे नशिबानेच येतो."

बायको नुकतीच ड्यूटीवरून आली होती. अंगावर अजून गणवेशच होता.

"पुरावा? कसला?"

"माझ्या लेकाला उपाशी मारल्याचा!" आईचा बांध फुटला. "बाळ, अरे, चौतीस वेळा 'काही नाही' लिहिलंयस रे! मी मोजलं!"

"आई, मी रोज पाचला उठून यांचा डबा करते."

"मग वहीत कुठे आहे तो डबा?"

"तेच मला कळत नाहीये," बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अहो?"

नवरा पंख्याकडे बघत होता.

"तुझे वडील माझ्या डोळ्यांदेखत गेले," आई म्हणाली. "तू चल माझ्याबरोबर. इथे नाही ठेवायची मी तुला."

बायको आत गेली आणि बॅग घेऊन आली. त्याचे शर्ट घड्या घालून भरू लागली. "न्या त्यांना," ती म्हणाली. "माझ्या हातून काही चुकत असेल तर निदान तुमच्याकडे तरी बरे होऊ देत."

एकाच शर्टाची घडी तिने तीनदा मोडून पुन्हा घातली. ते मात्र नकाशाकाराला बघवलं नाही.

"थांबा! मी उपाशीबिपाशी नाही. सगळं खोटं आहे ते."

मग त्याने सगळं ओकून टाकलं. अकरा वाजता बेकरीतले तीन क्रीमरोल. दुपारी उपाहारगृहात भरलेलं ताट, वर भाताची दुसरी वाढ. चारला केक. संध्याकाळी घरी यायच्या आधी कोपऱ्यावर उभ्या उभ्या तळलेलं काय मिळेल ते.

"आणि डबा?" बायकोने विचारलं.

"कचेरीच्या वॉचमनला देतो."

"रोज?"

"रोज."

थोरल्याने वही मिटून काखेत मारली.

"दबावाखाली दिलेला जबाब," तो म्हणाला. "याला काडीची किंमत नाही."

"बघ की," आई डोळे पुसत म्हणाली. "बायकोला पाठीशी घालतोय. लहानपणापासून अस्साच, दुसऱ्याचं सगळं अंगावर घेणारा. किती सुकलाय गं माझा बाळ!" आणि त्या एकशे सहा किलोंच्या बाळासाठी काहीतरी पोटभरीचं करायला ती तडक स्वयंपाकघरात शिरली.

आईने त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. बायकोने प्रत्येक शब्दावर ठेवला. ती पलंगाच्या कडेला बसली आणि वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"तो वॉचमन," मान वर न करता तिने विचारलं, "त्याला मीठ कमी लागायचं का हो? डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी अगदी चिमूटभरच घालायचे."

"नाही," नकाशाकार म्हणाला. "तो म्हणतो, फार चवीचं असतं."

बायकोने मान डोलावली. तिच्या डब्याबद्दल तीन महिन्यांत आलेला हा पहिलाच निरोप होता.