डोंगर डाव्या हाताला

"ठाण्यात माणूस हरवूच शकत नाही!" रविवारी सकाळी आनंद टिपणीस सरांनी चहाचा कप बशीवर आपटून जाहीर केलं.

त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई आणि मुलगी हेमांगी यांनी एकमेकींकडे पाहिलं. कारण त्याच आठवड्यात सर एका मॉलच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी शोधून शोधून दमले होते आणि शेवटी रिक्षा करून घरी आले होते. गाडी दुसऱ्या दिवशी सापडली. तीही वॉचमनला!

"ते तळघर होतं," सर म्हणाले. "तळघरातून डोंगर दिसत नाही."

सर कल्याणच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या मते ठाणं म्हणजे एक परात. परातीच्या पश्चिमेच्या काठावर येऊरचे डोंगर, पूर्वेच्या काठावर पारसिकचे, आणि मधल्या खोलगट भागात खाडी, तलाव आणि आपण सगळे. या परातीत पाचपाखाडीतला माणूस स्वतःला नौपाड्याचा म्हणवतो, चरईतल्या माणसाच्या हिशेबी ठाणं चरईतच सुरू होऊन चरईतच संपतं, आणि घोडबंदर रोडवर ज्या टॉवरने डोंगर झाकला त्यालाच 'हिल व्ह्यू' नाव देतात. या सगळ्या गोंधळावर सरांनी एक नियम काढला होता. नौपाड्याहून घोडबंदरला जाताना डोंगर डाव्या हाताला. येताना उजव्या हाताला. बस्स! फोनमधल्या त्या बाईने 'टर्न लेफ्ट' म्हटलं की सरांना अपमान वाटायचा. ती बाई कुठली, कोणाची, तिने येऊर कधी पाहिलाय का?

आणि आज नेमकं घोडबंदर रोडलाच जायचं होतं. टॉवरांच्या दाटीत एक जुनं गावठाण अजून तग धरून आहे, तिथे ऑस्वल्ड आणि लुर्दस परेरा राहतात. त्यांचा मुलगा स्टीव्ह आणि आपली हेमांगी यांना लग्न करायचं होतं. सरांनी अजून होकार दिला नव्हता. "घर बघतो, माणसं बघतो, मग बोलतो," असं त्यांचं चाललेलं. तिकडे परेरांच्या घरात थोरल्या काकांच्या शब्दाशिवाय कुणाचं लग्न ठरत नाही. हे थोरले काका, व्हॅलेंटाईन, बोटीवर मुख्य खानसामे. आजच संध्याकाळी निघणार, ते थेट पुढच्या वर्षी उगवणार! म्हणजे काय ते दुपारच्या जेवणावर ठरलं तर ठरलं. नाहीतर हेमांगीने वर्षभर वाट बघत बसायचं.

"बाबा, वेळेवर पोचू या हं," हेमांगी गाडी सुरू करताना म्हणाली. "ते लोक चर्चमधल्या मासवरून आले की एकला जेवायला बसतात."

"तुला काय माहीत?"

"स्टीव्ह म्हणाला!"

इथे एक गोष्ट वाचकांच्या कानात सांगायला हवी. हेमांगीने वडिलांना शपथेवर सांगितलं होतं की तिने परेरांच्या घरात कधी पाऊलही टाकलेलं नाही. प्रत्यक्षात त्या घरी जायचा रस्ता तिला इतका पाठ होता की तिची गाडी आपली आपण तिथे गेली असती. पण सांगणार कशी? सर पुढच्या सीटवर बसले होते, आणि ती फोनमधली बाई मध्ये बोलू नये म्हणून दोघींचे फोन त्यांनी आपल्या मांडीखाली घेतले होते.

माजिवड्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. डोंगर डाव्या हाताला शहाण्या मुलासारखा उभा होता. मग हेमांगीने घोडबंदरसाठी डावीकडचा इंडिकेटर दिला.

"डावीकडे?" सर किंचाळले. "अगं, डावीकडे वळलीस तर डोंगर समोर येईल! तो डाव्या हाताला राहायला हवा. सरळ घे!"

"पण बाबा, बोर्ड…"

"बोर्ड मेट्रोवाल्यांनी हलवलेत. डोंगर हलवलाय का? सरळ!"

गाडी सरळ गेली. बघता बघता दोन्ही बाजूंनी पाणी, खारफुटी आणि बगळे दिसायला लागले.

"अहो," मागून मंदाकिनीबाई म्हणाल्या, "आपण खाडी ओलांडतोय."

"नाला आहे तो."

"नाल्यात होडी?"

"रुंद नाला आहे!"

पूल ओलांडल्यावर डावीकडचा डोंगर दिसेनासा झाला. सर अस्वस्थ झाले. मान सारसासारखी लांब करून त्यांनी चहूकडे पाहिलं, आणि उजवीकडे, दूर, एक लांबच लांब डोंगर पसरलेला दिसला.

"तो बघ येऊर! तिकडे घे!"

"बाबा, तो पारसिक…"

"हेमा, भूगोल कोणाचा विषय आहे?"

हेमांगीने दात आवळून गाडी वळवली. हा रस्ता मुंब्रा बायपासचा. अजस्र ट्रेलर रांगेने चाललेले, आणि त्यांच्यामधून टिपणीसांची छोटी गाडी हत्तींच्या मिरवणुकीत चुकून शिरलेल्या बकरीसारखी. उजव्या हाताला डोंगर अगदी खिडकीला टेकला. वर कातळात एक देऊळ दिसलं, तसे मंदाकिनीबाईंनी हात जोडले.

"मुंब्रादेवी गं माय! आता तूच बघ."

"मुंब्रादेवी कुठून येईल इथे?" सर म्हणाले. पण त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. "डोंगर उजव्या हाताला आहे. म्हणजे… आपण परत चाललोय! नौपाड्याला! हेमा, गाडी उलटी फिरव!"

"बाबा, या रस्त्यावर?"

"मिळेल तिथे फिरव!"

ते थेट शिळफाट्याला मिळालं. तोवर एक वाजून गेला होता. गाडी फिरली आणि काय आश्चर्य! डोंगर अलगद डाव्या हाताला आला. सरांच्या चेहऱ्यावर बोर्डात आलेल्या विद्यार्थ्याचं तेज पसरलं.

"बघितलंत? सिद्धान्त चुकत नाही. माणूस चुकतो."

त्याच क्षणी त्यांचा फोन वाजला. ऑस्वल्ड परेरा!

"टिपणीससाहेब, कुठंशी आलात? जेवण थंड होतंय."

"हे काय, पोचलोच! डोंगर डाव्या हाताला आहे. उजव्या हाताला खाली खाडी. समोर टॉवर."

"मंग आलातच की!" ऑस्वल्ड खूश झाले. "आमच्या घराशीच हाव तुम्ही! मी रस्त्यावर येऊन फडका हलवतो. गाडी कंची?"

"पांढरी!"

मंदाकिनीबाईंनी कपाळावर हात मारला. डोंगर डावीकडे, खाडी उजवीकडे, समोर टॉवर. अर्ध्या ठाणे जिल्ह्याचा पत्ता झाला हा!

थोड्या वेळाने डोंगर संपला. तोच पूल, तोच नाला, तेच बगळे पुन्हा आले. सरांनी मान सीटला टेकवली. हेमांगीने ही संधी साधली.

"बाबा, तुम्ही थकलात. जरा डोळे मिटा. डोंगर आला की उठवते."

सरांनी डोळे मिटले आणि लगेच घोरायला लागले. हेमांगीने मागे आईकडे पाहिलं, आईने मान हलवली, आणि मग ती गाडी अशी सुटली म्हणता! माजिवड्याला वळून, कापूरबावडी मागे टाकून, सर्व्हिस रोडने, एका डेअरीच्या बाजूच्या बोळातून, क्रुसाला वळसा घालून थेट परेरांच्या अंगणात! आंब्याखाली नेमकी सावलीत!

सर जागे झाले. समोर कौलारू घर, मागे डोंगर.

"आलो की नाही?" ते म्हणाले.

पण अंगणात आणखी एक पांढरी गाडी उभी होती. व्हरांड्यातून आवाज येत होते. एक आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. ते थोरले काका, हे सरांनी ओळखलं. समोर पाठमोरं एक जोडपं खुर्च्यांवर बसून तळलेलं पापलेट खात होतं. कुणी नातेवाईक असतील, म्हणून सर अदबीने पायरीवरच थांबले.

"हवा चांगली आहे हो," पाहुणा म्हणत होता. "पण देऊळ जवळ आहे का?"

"चर्च हाय. देऊळबी हाय, तलावाच्या बाजूला," काका म्हणाले. "आमच्या घरात कुणाला कशाची अडचण नाय."

"वा! आणि मेन्टेनन्स?"

काका जरा गोंधळले. "पोरगा कमावता हाय. दोघांचं आरामात भागेल."

"ताबा कधी देणार?"

"लग्न झाल्याशिवाय कसला ताबा?"

"ते बघू. पण एक सांगा," पाहुणा काटा बाजूला ठेवून म्हणाला, "माझ्या भावालाही हवाय. दोन घेतले तर काही कमी कराल का?"

मग बोटीने बंदर सोडताना द्यावा तसा भोंगा वाजला.

"ऑस्वल्ड! काय माणसं आणलीस रं ही? आपल्याला पोरगा एकच हाय! आणि यांना जोडी पायजे, वर सूट पायजे! नाय होणार हे लगीन!"

"लगीन?" पाहुण्याच्या हातातून पापलेट गळून पडलं. "कोणाचं लगीन? आम्ही सॅम्पल फ्लॅट बघायला आलोय!"

झालं होतं ते असं. प्रशांत आणि कलावती हे डोंबिवलीचं जोडपं, नवीन घर बघायला आलेलं. रविवारी घोडबंदर रोडवर जो माणूस गाड्यांना हात करतो तो बिल्डरचा, हे त्यांना पक्कं ठाऊक. ऑस्वल्डनी फडका हलवला, यांनी पांढरी गाडी थांबवली, त्यांनी "या, या, घर बघा" म्हटलं, हे आले! ऑस्वल्ड एरवी दिवसभर कामावर, त्यामुळे टिपणीसांपैकी कुणालाच त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हेमांगी सोबत नव्हती, तर ती स्टीव्हबरोबर आइस्क्रीम आणायला गेली असेल असं ऑस्वल्डनी धरलं. स्टीव्ह बिचारा मघापासून माजिवड्याच्या पुलाखाली यांची वाट बघत उभा. आणि लुर्दसबाई स्वयंपाकघरात तळणीपाशी. बाहेर कोण येऊन बसलंय हे पाहायला त्यांना उसंतच नव्हती.

"तरीच म्हटलं," कलावतीबाई पुटपुटल्या, "बिल्डर सरबत देतात, पापलेट कसं दिलं?"

आता सरांनी पुढे होणं भाग होतं.

"नमस्कार. मी आनंद टिपणीस. मुलीचा बाप."

व्हॅलेंटाईनकाकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सकाळपासून हे दुसरे बाप! ते तर सूट मागत होते. तुम्हाला काय पायजे? पार्किंग?"

"अहो, मी खरा आहे!"

"कशावरून?"

सरांनी खिसे चाचपले. पाकीट घरी राहिलं होतं. "माझी मुलगी सांगेल!"

"मी हिला कवा पायलंय? मी बोटीवर!" काका घड्याळ बघत उठले. "ऑस्वल्ड, माझी बॅग आण. लग्नाचं पुढल्या वर्षी बघू."

हेमांगीचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात आवाज ऐकून लुर्दसबाई हातात झारा घेऊन बाहेर आल्या. त्यांना मंदाकिनीबाई दिसल्या. त्यांनी तोंड उघडलं. मंदाकिनीबाईंनी डोळे एवढे मोठे केले की लुर्दसबाईंनी तोंड मिटलं. मग त्यांनी निघालेल्या दिराकडे पाहिलं, रडवेल्या हेमांगीकडे पाहिलं, आणि तरातरा आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा एक गोल डबा होता.

"दादा, हे वाचा."

काकांनी चष्मा लावला. डब्याच्या झाकणावर भांडीवाल्याने टोचून टोचून नाव घातलं होतं.

"आ. वि. टिपणीस, नौपाडा, ठाणे."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी डब्याकडे पाहिलं. डबा त्यांचाच होता.

"हा इथे कसा?" सर क्षीण आवाजात म्हणाले.

"मसाला न्यायला आणते ना मी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. आता लपवून उपयोग नव्हता. "यांचा घरचा बाटली-मसाला, वर्षाचा कुटून बाटल्यांत भरतात तो. वर्षभर बोटं चाटून कालवण खाताय ते कशाचं वाटलं तुम्हाला?"

"तू म्हणालीस, दादरहून आणते!"

"दादर म्हटलं की तुम्ही काही विचारत नाही."

"वर्षभर? म्हणजे तू येतेस इथे? आणि हेमा?"

हेमांगी सवयीने व्हरांड्यातला पंखा लावायला गेली होती. त्या पंख्याचं बटण दाराच्या मागे, कॅलेंडरच्या आड होतं. परक्या माणसाला ते जन्मात सापडलं नसतं!

व्हॅलेंटाईनकाका आधी गालात हसले, मग पोट धरून हसले, आणि मग त्यांनी ऑस्वल्डना बॅग परत आत न्यायला सांगितलं.

"बाई घरचा डबा घेऊन आली, मसाला घेऊन गेली. अजून काय ठरवायचं राहिलंय? माझं होय हाय! पुढल्या वर्षी मी येतो, लग्नाचं जेवण मी करणार! पण टिपणीससाहेब, तुमचं काय?"

सगळे सरांकडे बघू लागले. प्रशांत आणि कलावतीसुद्धा. त्यांना आता फ्लॅटपेक्षा यातच रस वाटू लागला होता. सर सावकाश मध्ये येऊन उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला, एक हात पाठीमागे बांधला आणि शाळेत शिकवताना लावायचे तो आवाज लावला.

"मंडळी, माणसामाणसांमध्ये डोंगर असतात. दऱ्या असतात. काही घरं खाडीच्या अलीकडची, काही पलीकडची. पण आज या घराचं स्थान, या माणसांच्या मनाची उंची आणि खोली पाहिल्यावर मी पूर्ण विचारांती, एक बाप म्हणून, माझी संमती…"

इथे सर थांबले. हेमांगीचे डोळे भरून आले. लुर्दसबाईंनी झारा छातीशी धरला. ऑस्वल्डनी बॅग खाली ठेवली.

"…देतो," सर घाईघाईने म्हणाले, आणि मग लुर्दसबाईंकडे झुकून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "ताई, जरा… बाथरूम कुठल्या बाजूला?"

उत्तर लुर्दसबाईंनी दिलंच नाही. पानं मांडता मांडता, वरही न बघता, मंदाकिनीबाई म्हणाल्या,

"सरळ आत, उजव्या हाताला. कडी लागत नाही, गाणं म्हणत बसा."