यशोदाबाईंचा परिवीक्षा काळ

माझी पत्नी यशोदा वारली त्या दिवशी ती नोकरीत नव्हती. आदल्या दिवशी होती आणि दुसऱ्या दिवशी असणार होती. मधला एक दिवस कॉलेजने तिला सेवाखंड दिला होता. दर सत्राच्या शेवटी देत. सलग नोकरी झाली की माणूस कायम होतो आणि कायम झालेल्याला सहज काढता येत नाही, म्हणून एक दिवस आधीच काढून ठेवायचा. अशी ती कित्येक वर्षं राज्यशास्त्र शिकवत होती, एकेका सत्रापुरती.

१९७९चा नोव्हेंबर होता. भाकरी थापता थापता ती बसल्या जागी कलंडली आणि गेली. शेजारच्या गुलाबने सायकलवर जाऊन कॉलेजात सांगितलं. तिथली रीत अशी की संस्थेतलं कोणी गेलं तर घंटा व्हायची, पोरं मैदानात जमून दोन मिनिटं उभी राहायची आणि मग अर्ध्या दिवसाची सुट्टी. प्राचार्य अच्युतरावांनी घंटा करायला सांगितली. पोरांनी ती ऐकली आणि सरळ समुद्रपूरची गाडी गाठली. तेवढ्यात हेडक्लार्क नत्थूजींनी प्राचार्यांच्या लक्षात आणून दिलं, की बाई आज सेवेत नाहीत. म्हणजे सुट्टी बेकायदेशीर. आणि सुट्टी तर निघून गेली होती.

तेरवी झाल्यावर मी कॉलेजात गेलो. मी एस.टी.च्या डेपोत फिटर. सातवी पास, पण कायम. यशोदा लग्नानंतर शिकून एम.ए. झाली, आणि हंगामी राहिली.

"साहेब, ते दोन मिनिटं राह्यले," मी म्हणालो. "मले दुसरं काई नको. संस्थेच्या अध्यक्षांची सासू गेलती, तवा यशोदा भर उन्हात उभी होती."

"तुमची भावना समजते, किसनराव," प्राचार्य म्हणाले. "पण आधी सुट्टी नियमित झाली पाहिजे. मग शोक करता येईल."

"अन् सुट्टी नियमित कशी होते?"

"बाई त्या दिवशी सेवेत होत्या असं ठरलं तर."

"मंग ठरवा ना जी."

"आम्ही कोण ठरवणार? विद्यापीठ ठरवील."

विद्यापीठ कसं चालतं हे यशोदाने मला एकदा समजावलं होतं, आणि मी ते माझ्या परीने समजून घेतलं होतं. गाडी विद्यापीठाच्या नावाची. डिझेल सरकारचं. स्टिअरिंग संस्थेच्या हातात. ड्रायव्हर म्हणजे शिकवणारा. त्याला दर स्टॉपवर उतरवायचं आणि पुढच्या स्टॉपपुरतं पुन्हा चढवायचं. गाडी खड्ड्यात गेली की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि मार बसतो प्रवाशांना.

विद्यापीठाचं उत्तर आलं. मागील तारखेने सेवेत घ्यावयाचे असल्यास रीतसर निवड आवश्यक. निवडीसाठी जाहिरात, जाहिरातीनंतर मुलाखत. उमेदवाराने जातीने हजर राहावे.

मी फोटो घेऊन गेलो. लग्नातला नव्हे, पदवीदानाचा. नत्थूजींनी तो खुर्चीवर ठेवला, आणि खाली सरकत होता म्हणून मागे एक उशी लावली. समोर संस्थेचे अध्यक्ष बाबारावजी, प्राचार्य आणि विद्यापीठाचे तज्ज्ञ.

तज्ज्ञांनी विचारलं, "बाई, केंद्र-राज्य संबंधांबद्दल आपलं मत काय?"

फोटो काही बोलला नाही.

"मत नाई," बाबारावजी खूश झाले. "बेस हाये. पह्यले लय मत होतं यांचं. बरं बाई, संस्थेच्या कामाले कधी नाई म्हणसान काय?"

फोटो गप्प.

"लिवून घ्या, नत्थूजी. नाई म्हणत नाई."

माझ्याने राहवलं नाही. "जित्ती असती तं म्हणली असती, बाबारावजी."

"अरे बाप्पा, म्हणूनच तं घेऊन राह्यलो ना आता!"

त्यांचंही बरोबर होतं. त्यांचा पुतण्या प्रेमदास यशोदाच्या वर्गात होता. राज्यपाल काय करतात, या प्रश्नाला त्याने 'झेंडा फडकवतात' एवढंच उत्तर लिहिलं, आणि तिने त्याला नापास केलं. बाबारावजींचा निरोप आला. ती म्हणाली, "पेपर त्यानं लिवला. मी फक्त वाचला." पुढच्या सत्राला तिची ऑर्डर पोळा उलटून गेल्यावर निघाली.

तेव्हा मी चिडलो होतो. "काऊन भांडतं? कायम होऊन जाय, मंग भांडजो."

"कायम काऊन करतेत माणसाले, ठाऊक हाये?" ती म्हणाली. "आरामासाठी नाई. मालकाच्या पोराले नापास करता यावं म्हणून. ते नाई जमलं, तं बाकीच्या पोरांच्या पास होण्याले काय अर्थ राह्यला?"

हे मी मुलाखतीत सांगितलं नाही. मला दोन मिनिटं हवी होती.

यशोदाची कायम जागेवर एकमताने निवड झाली, सेवाखंडाच्या दिवसापासून. सुट्टी नियमित झाली. मी पुन्हा गेलो.

"आता परिवीक्षा काळ आहे," प्राचार्य म्हणाले. "कायम करण्याआधी दोन वर्षं काम पारखतात. ती पुरी होऊ द्या. मधेच शोक केला तर बाईंचंच नुकसान."

परिवीक्षा काळात यशोदाने समाधानकारक काम केलं. अहवालात लिहिलं होतं: वर्गात गोंगाट नाही, सहकाऱ्यांशी वाद नाही, एकही रजा नाही, संस्थेच्या धोरणाशी सहमत. तिच्या विषयाचे गुण ऑफिसातच भरले जात. निकाल शंभर टक्के लागला. प्रेमदास पहिल्या वर्गात आला. विद्यापीठाने अभिनंदनाचं पत्र पाठवलं. पार तळेगावहून आईबाप पोरं घेऊन आले, की आमच्या पोराला यशोदाबाईंचाच विषय द्या. जिवंत प्राध्यापकांना स्टाफ मीटिंगमध्ये सांगण्यात आलं, की बाईंचा आदर्श ठेवा. बऱ्याच जणांनी ठेवला.

घरी मात्र तिने एकही दिवस काम केलं नाही. पेपर वाचताना मी चुकीचं काही बोललो, तर मला अडवायला कोणी नव्हतं.

यथावकाश ती कायम झाली. मी शर्टाला इस्त्री करून गेलो. बाबारावजी तिथंच बसले होते.

"आता घ्या जी शोकसभा."

"शोकसभा?" प्राचार्य दचकले. "किसनराव, त्या कायम आहेत. शोक केला तर जागा रिकामी होईल. रिकामी झाली की भरावी लागेल."

"मंग भरा."

"कोण्या जित्या माणसानं?" बाबारावजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्याले तोंड राहीन ना, किसनराव. हे बाई आमाले सोन्यासारखी हाये. काऊन मारून राह्यले तिले?"

त्या वर्षांत यशोदाच्या हाताखालून पुष्कळ पोरं बाहेर पडली. कोणी पंचायत समितीत आहे, कोणी शाळेत शिकवतं, कोणी नियम लिहितं. हे वाचणारे तुम्हीही त्यांत असाल. तुमच्या गुणपत्रिकेवर राज्यशास्त्रात चांगले गुण आहेत. वर्षभर बाई वर्गात आल्या नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही कोणाला विचारलं नाही.

शोकसभा अजून झालेली नाही.