जान असलेला सेल

डोमाकाका रामटेके बटणाएवढा सेल जिभेवर ठेवून त्यात किती जान उरली आहे ते सांगत. डोळे मिटायचे, जीभ जराशी बाहेर काढायची आणि नागपुरात बर्डीच्या भर बाजारात दुकानदारासमोर अर्धं मिनिट तसंच उभं राहायचं. मग निकाल. जीभ चुरचुरली तर "जान आहे". नुसतीच लोखंडाची चव लागली तर "मुर्दा". मुर्दा ठरलेला सेल ते स्वतःच्या रुमालाने पुसून परत करत, तेवढी सभ्यता त्यांच्यात होती. तरी दोन दुकानदार त्यांना लांबून येताना पाहिलं की जेवायला निघून जात.

सेल लागे सोनाकाकूंच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, कानाच्या मशीनला. इंदोऱ्यात आमची आणि त्यांची भिंत एकच. दोघंही गिरणीतले. काका टाइमकीपरच्या हाफिसात, काकू सूत गुंडाळायच्या रीलिंग खात्यात. बावीस वर्षं खडखडाट ऐकून आधी काकूंच्या कानांनी काम सोडलं आणि मग काकूंनी. रंगीत टीव्ही आले त्या सुमारास कुवेतला असलेल्या भाच्याने मामीसाठी कानामागे बसणारं मशीन आणलं, सोबत सहा सेल. हा सेल आठ-दहा दिवसांत उतरतो आणि नागपुरात सहसा मिळत नाही, हे सांगायचं मात्र तो विसरला आणि कुवेतला परत गेला.

झालं, काकांना रिटायर झाल्यावर नोकरी लागली. सकाळी भाकर खाऊन सायकलवर टांग टाकायची आणि सेल शोधत हिंडायचं. त्यांच्या एका खिशात तंबाखूच्या चुन्याची डबी असे आणि दुसऱ्या खिशात तशीच दुसरी डबी, तिच्यात कापसावर निजवलेला उतरलेला सेल, नमुना म्हणून. एकदा बोलण्याच्या नादात चुकीची डबी उघडून दुकानदाराने दिलेला सेल त्यांनी चुन्यात टेकवला आणि तोच जिभेवर ठेवला. डोळ्यांतून पाणी आलं. "जान आहे," काका कसंबसं म्हणाले, "लय जान आहे," आणि तसले दोन घेऊन आले. जिभेचं सालटं निघालं आणि सेल दोन्ही मुर्दा निघाले.

घड्याळवाले हमखास घड्याळाचा सेल गळ्यात मारत. दिसायला दोघे सख्खे भाऊ, पण घड्याळाचा सेल कानाच्या मशीनमध्ये दोन दिवसांत मान टाकी. काकांना त्याचं नवल वाटत नसे. ते मला समजावून सांगत, "घड्याळाले का करा लागते वं? नुसती टिकटिक. आयकाले ताकद लागते."

उतरलेले सेलही ते फेकत नसत. मे महिन्यात गच्चीवर काकूंच्या मुगवड्या वाळत, त्याच धोतरावर एका कोपऱ्यात सेल मांडलेले असत. उन्हाने सेल चढतो, असा त्यांचा सिद्धांत. नागपूरच्या उन्हात माणूस उतरतो, मग सेल कसा चढेल, असं मी एकदा विचारलं, तर माझं शिक्षण कमी पडलं असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढे काकूंनी मुगवड्यांची वाटीभर भाजी पाठवली, तिच्यातली एक वडी माझ्या दातांखाली फुटेना. मी ती धुऊन काकांना नेऊन दिली. त्यांनी माझ्या दाताची विचारपूस केली नाही. "मी कवापासून हाच शोधून राहिलो," म्हणाले.

आता त्यांच्या बोलण्याविषयी सांगायला हवं. काका संध्याकाळी सायकल टेकवायच्या आधीच सुरू होत. बर्डीला कोण भेटलं, तो काय म्हणाला, त्यावर आपण काय म्हणालो, संत्री कशी आंबट निघाली, सायकलची चेन कुठे पडली. मधूनमधून काकूंचं "अजी, खरंच काय?" ऐकू येई, की काका पुन्हा नव्या दमाने सुरू. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचं बोलणं जोडून द्यायचं आणि घरी आल्यावर भिंतीतून हे. खोटं कशाला बोलू, या माणसाचाच सेल एकदाचा उतरू दे, असं मी पुष्कळदा मनात म्हटलं आहे.

आणि एका हिवाळ्यात तो उतरला. बर्डीचा एक फेरीवाला मुंबईहून सेल आणून देई, त्याने धंदा सोडला. काका कामठीला जाऊन आले, कन्हानला जाऊन आले, कुणी सांगितलं म्हणून कळमेश्वरलाही जाऊन आले. सेल मिळाला नाही. काकूंनी मशीन डब्यात ठेवून दिलं आणि भिंतीपलीकडचं बोलणं थांबलं.

पहिले काही दिवस मला बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात त्या शांततेने मला चैन पडेना. काका ओट्यावर बसून असत, सायकल भिंतीला तशीच. शेवटी मी विचारलं, काकूंशी भांडण झालं का?

"भांडाले बी आयकू या लागते वं," काका म्हणाले.

मग मोठ्याने बोला, मी म्हटलं.

"मोठ्यानं बोललो का तिले वाटते मी रागावलो. तोंड एवढंसं होते तिचं." काकांनी पायातली चप्पल काढून झटकली. "दिवसभर हिंडतो, लोकांशी बोलतो. पण घरी येऊन तिले सांगतल्याबिगर मले वाटतच नाही का आपल्यासंग काही झालं म्हणून."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी त्याला बडबड म्हणत होते.

मुंबईच्या एक्स्चेंजवर एक ऑपरेटर होती. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाजाने सख्ख्या बहिणी. दुसऱ्या दिवशी दोन कॉलांच्या मध्ये मी तिला सेलचा नंबर सांगितला. तिने एक अक्षर जास्त विचारलं नाही. आठवड्याने पोस्टाने पाकीट आलं, त्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेले सहा कोरे सेल. रविवारी दुपारी मी ते घेऊन शेजारी गेले.

काकूंनी एक सेल मशीनमध्ये बसवला, ते कानामागे अडकवलं, पदर सारखा केला आणि काकांच्या समोर पाटावर बसल्या. "अजी, बोला," म्हणाल्या.

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. जवळजवळ महिन्याचं साचलेलं, त्यातलं आधी काय काढावं हे त्यांना कळेना. डोळे भरून आले होते. मीही त्यांच्याकडे बघत बसले. त्या दुपारी वीजही गेलेली, घरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

काकूंनी थोडी वाट पाहिली. मग मशीन काढलं, तळहातावर आपटलं, पुन्हा लावलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हाही खराबच दिसते वं पोरी. काहीच आयकू येऊन नाही राहिलं." माझं मन दुखू नये म्हणून त्या हसल्यासुद्धा.

तेवढ्यात काका खोकले. कोरडा, छातीतून येणारा खोकला. भिंतीतून मी तो रोज ऐकत होते आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. काकू चटकन वळल्या.

"अजी, खोकला झाला तुम्हाले?"

"हो."

"कवापासून?"

"झाले पंधरा-वीस दिवस."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

काकांनी बाहीने डोळे पुसले. "सांगतलं होतं ना वं," ते म्हणाले.