सुदामतात्यांची दुकानातली झोप

आमचे घरमालक सुदामतात्या कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्यावर आडवं पडून बघत. बाज घेताना बाजेवर पडले तर त्यात नवल नाही. पण हा गृहस्थ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतही पडून बघायचा. काटेवाडीत घरासाठी जागा घ्यायची ठरली तेव्हा चार माणसं हातात टेप धरून उभी, आणि तात्या मधोमध टोपी डोळ्यांवर ओढून उताणे. थोड्या वेळानं उठले, पाठीची माती झटकली आणि म्हणाले, “घ्यायची. हितं झोप हाय.”

त्याच जागेवर बांधलेल्या घरातली एक खोली त्यांनी मला भाड्यानं दिली. मी बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कारकून होतो. खोली बघायला गेलो तर तात्या म्हणाले, “आदी पडून बघा.” मी लाजत लाजत पडलो. खरंच डोळा लागला!

कहर म्हणजे, थोरल्या मुलीसाठी इंदापूरकडचं स्थळ बघायला गेले तिथं पोहे झाले, चहा झाला, आणि तात्यांनी यजमानांकडं सतरंजी मागितली. ओसरीवर ताणून दिली ती उन्हं कलेपर्यंत. मुलाकडची मंडळी कुजबुजत पायांच्या बोटांवर चालत होती म्हणे. उठल्यावर तात्यांनी निकाल दिला, “ज्या घरात पावण्याला झोप लागती, त्या घरात पोरीला जाच न्हाय.” ती मुलगी आज तिथं सुखानं नांदते आहे. मी छत्तीस गुण जुळवून लग्न केलं, पुढचं विचारू नका.

“उभ्यानं मानूस कायबी बोलंल,” तात्या म्हणत, “आडवं पडल्यावं खरं काय ते कळतंय.” हे ऐकताना सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर नंतर मी गप्प बसून ऐकायला लागलो, कारण माणूस चुकत नव्हता.

तर अशा माणसाच्या घरी गादी घ्यायची वेळ आली.

कारण तात्यांच्या बायकोची, म्हणजे काकींची पाठ. शेवंताकाकींनी जन्मभर वैरणीचे भारे वाहिले होते, आणि आता पाठीनं त्याचा हिशेब मागायला सुरुवात केली होती. लग्नात माहेरहून आलेली कापसाची गादी पिंजाऱ्याकडून किती वेळा पिंजून भरली तरी मधे खड्डा तो पडायचाच. शेवटी शेवटी काकी भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डुलक्या घ्यायच्या. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, “ही गादी आधी काढा. जरा कडक घ्या, पण किती कडक ते मी नाही सांगू शकत. ज्याची पाठ दुखते त्यानं स्वतः पडून बघावं.”

दुधाच्या पैशातून बाजूला टाकलेलं एका गादीपुरतंच होतं. चुकीची आली असती तर काकींना तिच्यावरच जन्म काढावा लागला असता. भाव करायला म्हणून तात्यांनी मला बरोबर घेतलं. “तुमी हापिसातलं मानूस, दुकानदार जरा दबून ऱ्हाईल,” म्हणाले. माझ्या हापिसात मला शिपाईसुद्धा दबत नव्हता, पण मी गेलो.

वाटेत मी म्हणालो, “तात्या, डॉक्टर म्हणाले तसं काकींनाच पडून बघावं लागेल.”

काकींनी पदर तोंडाला लावला. “अगं बया! भर पेठंत? गड्यांच्या म्होरं?”

“बाईमानूस दुकानात पडंल व्हय?” तात्या म्हणाले. “मी बघतो की.”

आणि त्यांनी बघितलं. बारामतीच्या पहिल्याच दुकानात फोमच्या गादीवर ते असे काही झोपले, की विचारू नका. घोरणं कसलं, उसाचा ट्रक घाट चढतोय! गिऱ्हाइकं जमली, शेजारचा भांडीवाला आला, रस्त्यावरची माणसं आत डोकावली. दुकानदार एकदा तात्यांकडं बघे, एकदा माझ्याकडं. मी कॅलेंडर वाचत उभा. बऱ्याच वेळानं तात्या उठले, बायकोकडं एक नजर टाकली आणि म्हणाले, “न्हाय. चला.”

दुसऱ्या दुकानात काथ्याची गादी. तीच झोप, आवाज थोडा चढा, गर्दी जास्त. पुन्हा, “न्हाय. चला.”

मला आता राग यायला लागला होता. पाठ हिची, दुखणं हिचं, आणि पडून बघतोय हा! तशी त्यांच्या झोपेपुढं मान तुकवावीशी वाटत होती, हेही खरं. शंभर डोळे रोखलेले असताना इतकं निर्लज्जपणे झोपायला काय छाती लागत असेल! पण काकींच्या पाठीचं काय?

दोन दिवसांनी आम्ही एसटीनं इंदापूर गाठलं. तिथलं दुकान लांबट होतं. पुढं दोन-तीन गाद्या अंथरलेल्या, मागं गाद्यांची थप्पी, आणि थप्पीच्या पलीकडंही काही गाद्या मांडलेल्या. तात्यांनी दुकान नीट न्याहाळलं आणि अगदी दाराजवळची, रस्त्यावरून दिसेल अशी गादी निवडली. टोपी डोळ्यांवर घेतली आणि सुरू झाले. असलं घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मधे मधे शीळ घातल्यासारखा आवाज, मधेच सगळं बंद. लोकांनी श्वास रोखावा, की पुन्हा भडका! बाजारचा दिवस होता. दारात गर्दी मावेना. दुकानदार गल्ला सोडून पुढं आला आणि पोट धरून हसायला लागला.

माझा संयम संपला. उठवावं म्हणून मी त्यांचा दंड धरला, कानाशी वाकलो.

डोळे न उघडता तात्या पुटपुटले, “गप ऱ्हावा. ती पडली का?”

मला क्षणभर काही कळेना. मग मी मागं बघितलं.

थप्पीच्या पलीकडं, कुणाचंच लक्ष नसलेल्या कोपऱ्यात, काकी गादीवर आडव्या झाल्या होत्या. चपला काढून, लुगडं घोट्यांपर्यंत नीट ओढून. आधी कुशीवर होत्या, मग हळूच पाठीवर वळल्या. डोळे मिटले. सगळं इंदापूर एका येड्या म्हाताऱ्याला हसत होतं, आणि त्या आडोशाला एका बाईची पाठ पहिल्यांदा सरळ झाली होती.

“पडल्यात,” मी म्हणालो. घोरणं आणखी वाढलं.

काकी सावकाश उठून पुढं आल्या तेव्हा तात्यांना जाग आली. त्यांनी मोठी जांभई दिली आणि बायकोकडं बघितलं. काकी छताच्या पंख्याकडं बघत म्हणाल्या, “त्या मागल्या गादीचा रंग बरा हाय.”

“मग तीच बांदा,” तात्या दुकानदाराला म्हणाले. भाव मी केला, पण कसा केला ते आठवत नाही. माझं लक्षच नव्हतं.

परतीच्या एसटीत गादी टपावर, काकी पुढं बायकांच्या सीटवर, आणि मी व तात्या मागं. इंदापूर मागं पडलं. मग तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, “लगीन झाल्यापास्नं मी तिला निवांत पडलेलं बघितलंच न्हाय ओ. माज्या आदी उठती, माज्या मागनं झोपती. आज बघायचं हुतं, पर डोळं मिटून घ्याय लागलं.”



ते माझ्याकडं वळले. पुढच्या सीटवर काकींना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू विचारलं, “तुमी बघितलं न्हवं? कशी दिसत हुती?”