नेपरव्हिल, इलिनॉय

"तुमचा मुलगा शिकागोला ना?" असं कुणी विचारलं, की आमचे शेजारी देशकरकाका हातातला चहाचा कप खाली ठेवत. कप खाली गेला, की विचारणाऱ्यानं समजून घ्यावं, आता लवकर सुटका नाही.

"शिकागो नाही," काका शांतपणे सांगत. "नेपरव्हिल. मग जरा थांबायचं. मग इलिनॉय. म्हणून दाखवा."

आणि माणूस म्हणून दाखवायचा. काय करणार, काका वयानं मोठे, त्यात डॉक्टर.

माझ्या नवऱ्याच्या, नितीनच्या नोकरीपायी दोन हजार चार साली आम्ही पुण्याहून लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला आलो, त्या संध्याकाळीच काका दुधाची बाटली आणि कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांचं वेळापत्रक घेऊन दारात उभे. मूळचे नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलांत तीस वर्षं भूलतज्ज्ञ होते, आता रिटायर. काकू दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. एकुलता एक मुलगा ओंकार अमेरिकेत, नेपरव्हिलला. नितीन आपला चांगुलपणानं म्हणाला, "अरे वा, नेपरव्हिल, शिकागो का?"

कप खाली.

"नेपरव्हिल ही काय शिकागोची पेठ आहे? तुमचं ते सदाशिव पेठ, पुणे इथं चालायचं नाही. वेगळं गाव आहे ते. त्याला स्वतःचा मेयर आहे, नदी आहे. इंग्लिशमध्ये नीट सांगा, माय सन लिव्ज इन नेपरव्हिल, इलिनॉय. फारच हौस असेल तर पुढे जोडा, नियर शिकागो. नियर. इन नाही."

चुका काढणं हा पुणेकरांचा जन्मसिद्ध हक्क, अशी नितीनची समजूत. एक नागपूरकर आपल्याला शिकवून गेला, हे पचायला त्याला आठवडा लागला.

हे खूळ आलं होतं ऑपरेशन थिएटरमधून. भूल द्यायच्या आधी पेशंटला नाव, जन्मतारीख, पत्ता विचारायचा. कागदावर लिहिलेलं असलं तरी त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. "पत्ता चुकला की पेशंट चुकला," हे काकांचं ब्रीदवाक्य. एकदा आमचा पिझ्झा चुकून त्यांच्या दारी गेला. काकांनी त्या डिलिव्हरीवाल्याकडून आमचा पत्ता दोनदा म्हणवून घेतला आणि मगच त्याला आमच्याकडे धाडलं. पिझ्झा गार झाला, पण पेशंट बरोबर निघाला.

मी एकदा त्यांना पेचात पकडलंच. "काका, नागपूरला फोनवर तुम्ही लंडनला राहतो म्हणून सांगता. स्टॅनमोर का नाही सांगत?"

"नागपूरहून मला कोणी पार्सल पाठवत नाही," ते म्हणाले. "तू उगाच वकिली करून राहिली."

पार्सल पाठवायचे ते काका. दिवाळीच्या महिनाभर आधी ओंकारसाठी चिवडा. काकूंच्या हातचा सगळा फराळ जायचा, त्यातला काकांना चिवडाच जमायचा. पोहे ते पेशंटच्या नाडीवर लक्ष ठेवावं तसे परतायचे. डब्यावर पत्ता मोठ्या अक्षरांत, चारी बाजूंनी. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरून छापून आणलेला नेपरव्हिलचा नकाशा फ्रिजवर. त्यात ओंकारच्या घरावर लाल ठिपका, आणि तिथून नदीपर्यंत पेन्सिलनं काढलेली रेघ. "इथून चालत पंचवीस मिनिटं," ते सांगत. मला वाटायचं, काका तिथं महिना महिना राहून आलेत.

"कधी गेला होतात?" मी विचारलं.

"छे. बोलावलं की जाईन. कामात असतो तो."

आम्हाला येऊन दोन वर्षं झाली, त्या वर्षी पार्सल परत आलं. काका डोळे तपासायला गेले होते, म्हणून पोस्टमननं ते माझ्याकडे दिलं. वर स्टिकर होतं. या पत्त्यावरचा माणूस दुसरीकडे राहायला गेला आहे, नवा पत्ता माहीत नाही. काका आले तेव्हा मी डबा पुढे केला. त्यांनी चष्मा पुसला आणि आधी चारी बाजूंचे पत्ते वाचले.

"पत्ता तर बरोबर आहे," ते म्हणाले. मग स्टिकर वाचलं. मग परत पत्ता वाचला.

मला ओंकारचा असा राग आला की काय सांगू. "काका, आत्ताच्या आत्ता फोन करा त्याला. मोबाइल नंबर आहे ना?"

"आहे ना. रविवारीच तर बोललो. हसत होता." ते खुर्चीत बसले. "आता विचारलं, तर बाबांना सांगायचंच राहिलं म्हणून खजील होईल पोरगा. सांगेल तो. आठवण झाली की सांगेल."

मी चहा केला. त्यांनी घेतला नाही. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर फ्रिजवर नकाशा तसाच होता, फक्त लाल ठिपका खोडलेला होता. मला त्या फ्रिजकडे बघवेना.

मंडळाची दिवाळी हॉल मिळेल त्या शनिवारी, म्हणजे नोव्हेंबर संपता संपता झाली. काकांनी तोच परत आलेला चिवडा टेबलावर मांडला होता. क्रॉयडनहून एक नवं जोडपं आलेलं. त्यातल्या मुलीनं सहज विचारलं, "काका, मुलगा कुठे असतो तुमचा? शिकागोला का?"

काकांचा कप हातातच राहिला. तेवढ्यात नितीन, ज्याला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, दोन वर्षांच्या शिकवणीचं चीज करायला पुढे सरसावला.

"शिकागो नाही," तो ऐटीत म्हणाला. "नेपरव्हिल." तो जरा थांबला. "इलिनॉय. बरोबर ना काका?"

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगदी बरोबर म्हणालास," ते म्हणाले. "पण हल्ली शिकागो म्हटलं तरी चालतं."

आणि त्या मुलीपुढे त्यांनी चिवड्याची वाटी सरकवली.