खरातसाहेबांचा पाचवा रकाना

शिकाऊ माणसाने आपली पहिली मोटारसायकल कशी निवडावी, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तो आमचे शेजारी वामनराव खरात यांना पडला होता, आणि आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत असल्यामुळे हळूहळू तो माझाही झाला. त्याचे उत्तर मी येथे देणार आहे. मात्र उत्तर मिळण्यास दीड वर्ष लागले, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

खरातसाहेब वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. मोटारसायकलींच्या दुकानात शिरल्यावर सामान्य माणूस रंग पाहतो, किंमत विचारतो, निदान हँडल धरून आरशात स्वतःला न्याहाळतो. खरातसाहेब खिशातून पोलादी टेप काढतात. कापडी टेप त्यांना चालत नाही. ती ताणली जाते आणि ताणलेले माप म्हणजे खोटी साक्ष, असे त्यांचे मत आहे.

"काका, बसून तर बघा," विक्रेता म्हणतो.

"बसणं शेवटी. आधी गाडी मेन स्टँडवर लावा. वस्तू सरळ आणि स्थिर नसेल तर माप ग्राह्य नाय."

विक्रेता गाडी मेन स्टँडवर चढवतो. साहेब खाली वाकून काहीतरी मोजतात, वहीत लिहितात, टेप 'खटकन' मिटवतात आणि म्हणतात, "शिक्का नाय."

पडताळणीत उतरलेल्या मापावर शिक्का मारणे आणि न उतरलेले बाजूला ठेवणे, यात त्यांची उभी नोकरी गेली. नोकरी संपली, शिक्का राहिला. आमच्या इमारतीच्या जिन्याची तिसरी पायरी इतर पायऱ्यांपेक्षा अर्ध्या इंचाने उंच आहे, हे त्यांनीच शोधून काढले. बांधकाम होऊन वीस वर्षे झाली होती आणि त्या पायरीला कोणी ठेचकाळले नव्हते. साहेबांनी ती जाहीर केल्यापासून मात्र प्रत्येकजण तेथे अडखळतो. माझ्या नातीच्या वाढदिवसाचा केक कापताना ते शेजारी उभे होते. सोळा तुकडे समान झाले. पण तोवर मेणबत्त्यांचे मेण सगळ्या तुकड्यांवर समान पसरले होते.

असा माणूस, वयाच्या साठीत, उंची पाच फूट दोन इंच, आयुष्यभर सायकल आणि एस.टी. यांवर भागवलेला, अचानक मोटारसायकल घ्यायला निघाला. कारण आक्का.

आक्का म्हणजे साहेबांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा साहेब चार वर्षांचे होते. त्यांना वाढवले ते आक्कांनी. त्या अजिंठ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी मळ्यात मोसंबीची रोपे लावली. पहिला उन्हाळा स्वतः घागरीने पाणी घालून जगवला. त्यानंतर गुडघे गेले. घरापासून मळा दोन किलोमीटर. वाट काळ्या मातीची, बैलगाडीच्या चाकोऱ्यांची. आक्का घराच्या ओट्यावर अडकल्या आणि झाडे तिकडे मोठी झाली. त्यांचा मुलगा दिगंबर बिडकीनकडच्या एका कंपनीत असतो आणि सुट्टीला गावी येतो. त्याच्याकडे मोटारसायकल आहे, पण तिचे मागचे आसन इतके वर की आक्का म्हणतात, "त्याच्यावर बसायला शिडी लागती. आन बसलं की खाली त्याचा वेग दिसतो."

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडांना पहिले फळ आले. व्यापाऱ्याने तोडून नेले. दिगंबरने टोपलीभर घरी आणून दिले, तेव्हा आक्का फोनवर भावाला म्हणाल्या, "टोपल्यातली मोसंबी काय, बाजारात बी दिसती. मला झाडावरची बघायची व्हती."

साहेबांनी हे वाक्य मला सांगितले आणि बराच वेळ चष्म्याच्या काचा पुसल्या. त्या काचा स्वच्छच होत्या. म्हणजे एक हंगाम हुकला होता, आणि दुसरा हुकवायचा नव्हता.

मी गणिताचा शिक्षक होतो. प्रश्न अवघड असला की तक्ता आखावा, ही माझी सवय. मी त्यांना चार रकान्यांचा तक्ता आखून दिला: गाडीचे वजन, आसनाची उंची, इंजिनाची ताकद, चाकाचा आकार. शिकाऊ माणसाने काय पाहावे ते यात आले, असे मी त्यांना समजावून सांगितले. दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. गाडी कलली तर आपल्या ताकदीने सावरता आली पाहिजे. इंजिन लहान असावे, म्हणजे चुकीने मूठ जास्त पिळली गेली तरी गाडी आपल्या आधी पोहोचत नाही. स्कूटरचा विचार आम्ही केला होता; पण चाकोरीत लहान चाक अडकते, हे साहेबांनी एका रविवारी माझी स्कूटर मुद्दाम खड्ड्यात घालून सिद्ध केले.

साहेब तक्ता घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले, तेव्हा त्यात पाचवा रकाना होता. त्याला शीर्षक नव्हते.

"साहेब, शीर्षकाशिवाय रकाना अपूर्ण असतो," मी म्हणालो. विद्यार्थ्याला मी याबद्दल अर्धा गुण कापला असता.

"असू द्या, सर. माझ्यापुरता हाय."

त्यानंतर आमच्या शहरातल्या जालना रोडवरचे एकही दुकान त्यांनी सोडले नाही. शंभर सीसीच्या, एकशे दहाच्या, एकशे पंचवीसच्या गाड्या तक्त्यात आल्या. पहिल्या चार रकान्यांत कितीतरी गाड्या उत्तीर्ण झाल्या. पाचव्यात सर्व नापास. माझ्या संपूर्ण नोकरीत एका विषयात शंभर टक्के नापास झालेला वर्ग मी पाहिलेला नाही. तसे झाले तर दोष प्रश्नपत्रिकेत शोधावा, हे मला त्याच वेळी सुचायला हवे होते.

इकडे शिकणे चालूच होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रहीमभाईंचे गॅरेज आहे. त्यांच्या एका जुन्या खटाऱ्यावर साहेब रोज सकाळी मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेत सराव करत. त्या खटाऱ्याला मागे पाय ठेवण्याच्या दांड्या नव्हत्या, आरसा एकच होता आणि हॉर्न वाजवला की दिवा लागत असे. साहेब गियर बदलताना मोठ्याने सांगत, "पहिला! दुसरा! पुन्हा पहिला!" एकदा समोर शेळी आली, तर त्यांनी तिला उजवीकडे वळत असल्याचा हात रीतसर दाखवला. शेळी थांबली. साहेबही थांबले. मग बराच वेळ दोघांपैकी कोणीच निघेना.

सहा महिन्यांत शिकाऊ परवान्याची मुदत संपली. मी म्हणालो, रहीमभाई दुसरी एखादी कागदपत्रे असलेली गाडी देतील, तिच्यावर परीक्षा देऊन टाका. साहेब दुखावले. "दुसऱ्याच्या तराजूवर आपला माल तोलायचा का, सर? ज्या गाडीवर माणूस बसवणार, तिच्यावरच परीक्षा." दुसरा परवाना निघाला, तोही संपला. तिसरा निघाला. तिन्ही परवाने त्यांनी एकाच फायलीत तारखेनुसार लावले.

रहीमभाई येता-जाता टोचायचे. "क्या साब, गाड्यां देख रे या बहू देख रे? इत्ते में तो शादी होके बच्चे होते."

दसरा झाला. गावाहून फोन आला, की व्यापारी दिवाळीच्या आधी फळ तोडणार. त्या संध्याकाळी साहेब गॅरेजसमोरच्या बाकावर वही घेऊन बसले होते. टेप मिटलेली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"सर, एकही गाडी बसत नाय," ते म्हणाले. "दोनदा फळ आलं, आन दीड वर्ष मी मोजतोय."

मी पाचवा रकाना उघडला आणि या वेळी विचारलेच, की हे नेमके कशाचे माप आहे.

त्यांनी रकान्यावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "मागच्या माणसानं पाय ठेवायच्या पायट्याची जमिनीपासून उंची. साडीगार्डला असतो ना डाव्या बाजूला, तो. आक्काला मी विटा रचून पाय उचलायला लावला होता. भिंतीला धरून चार विटांवर पाय गेला. पाचवी मांडली तर गेला नाय. चार विटा म्हणजे बारा इंच. इथं प्रत्येक गाडीचा पायटा तेराच्या वर जातो. तिला म्हणायचं कसं, की आक्का, आणखी एक इंच उचल? तिनं आजवर माझ्यासाठी काय कमी उचललंय?"

रहीमभाई पाना पुसत जवळ आले होते. त्यांनी वही हातात घेतली आणि डोळे बारीक केले.

"साब, ये गाडी खडी कैसी थी? स्टँडपे?"

"मेन स्टँडवर. सरळ आणि स्थिर."

"पिछला चक्का हवा में?"

"अर्थात."

"अरे साब!" रहीमभाईंनी कपाळाला हात लावला. काळे बोट कपाळावर उमटले. "आक्का को स्टँडपे बिठा के ले जाते क्या तुम? गाडी नीचे उतारो, पिछाडी इंच-डेढ इंच नीचे आती. आदमी बैठा तो और दबती!"

खरातसाहेबांचा चेहरा मी विसरू शकत नाही. पाच ग्रॅमच्या फरकासाठी ज्यांनी दुकानदारांना कोर्टात उभे केले, त्या माणसाने दीड वर्ष सगळ्या शहराची मापे गाडी चुकीची उभी करून घेतली होती. आणि तीही नियमानुसार, अचूक. त्यांनी वही मागितली. प्रत्येक पानावरची पाचव्या रकान्याची आकडेवारी एका सरळ रेघेने कापली. रेघ मारायला त्यांनी पट्टी वापरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही पायरीवर होतो. विक्रेत्याने साहेबांना पाहिले आणि निमूटपणे गाडी मेन स्टँडवर चढवू लागला. "नाय," साहेब म्हणाले, "खाली घ्या. आन सर, तुम्ही वर बसा." मी बसलो. साहेब फरशीवर गुडघे टेकून वाकले. पावणेबारा इंच. शंभर सीसीची, राखाडी रंगाची, सर्वांत साधी गाडी होती ती. तक्त्यात सर्वांत आधी मोजलेली गाडी तीच होती.

गाडीची कागदपत्रे आली, परीक्षेची तारीख मिळाली आणि साहेब पहिल्याच फेरीत उत्तीर्ण झाले. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांना इंग्रजी आठचा आकडा काढायला सांगितला होता. साहेबांनी काढला आणि दोन्ही वर्तुळे समान आली का, हे उतरून पाहू लागले, तेव्हा त्यांना आवरावे लागले.

व्यापारी येण्याच्या दोन दिवस आधी आम्ही निघालो. मी मागे बसलो होतो. ताशी पस्तीस या वेगाने अजिंठ्याचा रस्ता किती लांब असतो, याचा पूर्वी मला अंदाज नव्हता. आम्हाला एक ट्रॅक्टर मागे टाकून गेला.

आक्का ओट्यावर बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, हिरव्या लुगड्यातल्या. "आलास व्हय? ही गाडी? लहानच हाय की," त्या म्हणाल्या. "बरं झालं."

साहेबांनी गाडी अंगणात उभी केली आणि समजावून सांगू लागले: "आधी डावा पाय पायट्यावर, मग माझ्या खांद्यावर हात, मग..."

"वामन्या, ती गाडी हिकडं आण. ओट्याला लाव."

त्यांनी लावली. आक्का बसल्या जागेवरून सरकल्या, भावाच्या खांद्याला धरले आणि सरळ आसनावर येऊन बसल्या. पाय वरून खाली पायट्यावर टेकले. चार श्वासही लागले नाहीत.

"एवढ्यापायी दीड वरीस?" त्या म्हणाल्या. "अरं, पाय उचलायचाच कशाला? वरून खाली सोडायचा. साधी अक्कल नाय. कुठं साहेब व्हता रे तू?"

मला हसू आवरले नाही. "पहिला," असे पुटपुटत साहेबांनी गाडी काढली, आणि मी चाकोरीच्या कडेने चालत मागे निघालो.

मी मळ्यात पोहोचलो तेव्हा आक्का उतरून पहिल्या झाडापाशी उभ्या होत्या. फांद्या फळांनी वाकून मातीला टेकल्या होत्या. आक्का एकेका झाडाजवळ गेल्या, फळाखाली तळहात धरला, भार घेतला आणि सोडून दिला. मी म्हणालो, आक्का, एक तोडा ना. त्या म्हणाल्या, "सौदा झालाय, गुरुजी. आता ती त्याची." साहेबांनी मान डोलावली. ऊन उतरू लागेपर्यंत आम्ही तेथे होतो.

मग परत निघायची वेळ झाली. आक्का गाडीजवळ आल्या आणि थबकल्या. त्यांनी इकडे तिकडे पाहिले. सपाट काळी माती. दगड नाही, उंच बांध नाही, चढून बसावे असे काही नाही. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटते, इतक्या वेळात पहिल्यांदा त्या घाबरल्या.

साहेब गाडीवर बसले होते. दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, हँडल घट्ट धरलेले.

"मळ्यात ओटा नाय, आक्का," ते पुढे पाहतच म्हणाले. "म्हणून मोजलं."

आक्कांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डावा पाय उचलला. तो हळूहळू वर गेला, थरथरला आणि पायट्यावर जाऊन बसला. दुसऱ्या क्षणी त्या आसनावर होत्या. गाडी तसूभरही हलली नाही. आक्कांनी खांद्यावरचा हात उचलून साहेबांच्या विरळ केसांवर ठेवला आणि गाव येईपर्यंत काढला नाही. गाडी सारी वाट पहिल्याच गियरमध्ये होती, म्हणून हे मी मागून चालताना पाहिले.

तेव्हा पहिली गाडी घेणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. गाडी हलकी असावी, आपले दोन्ही पाय टेकावेत आणि मागे ज्याला बसवायचे आहे त्याचा पाय कोठवर जातो, हे आधी ठाऊक असावे. मापे गाडी जमिनीवर उभी असताना, वर माणूस बसवून घ्यावीत. मात्र मी गणिताचा शिक्षक आहे, मोटारसायकलींचा नव्हे. म्हणून विनंती एवढीच, की माझ्या सांगण्यावर न विसंबता हे सर्व आपण स्वतः तपासून पाहावे.